सत्तावीस मेगाहर्ट्झचा वाद

भात कापून झालं की कर्जत-खालापुरातली खाचरं दुरून मोकळी मैदानं वाटतात. जवळ गेल्यावर दिसतं, जमिनीतल्या उरलेल्या ओलीवर वाल पेरलेला आहे. राजनाला कालव्याच्या भिजणाखाली तर पुन्हा उन्हाळी भात उभं राहतं, कारण भिवपुरीच्या वीजघरातून सुटलेलं पाणी तिथे मिळतं. राहिलेल्या जागेवरून उच्चदाबाच्या तारा गेलेल्या आहेत. टाटांचं खोपोलीचं वीजघर १९१५ सालचं, भिवपुरीचं १९२२ सालचं. तेव्हापासून इथली वीज मुंबईला जाते आहे. त्यात आता फार्महाउसं, रेल्वेचे मार्ग आणि खालापुरातून जाणारा मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग. अशा मुलखात रेडिओवर चालणारं छोटं विमान उडवणाऱ्याला ते कसं उडेल यापेक्षा ते कुठे पडेल, हा विचार आधी करावा लागतो.

विमान चालवणारा तो रेडिओ पन्नास-साठ वर्षांपूर्वीचा असेल, तर तो विचार अधिकच करावा लागतो. असे सेट दुरुस्त करून पुन्हा हवेत न्यावेत की नाही, यावर जगभरच्या छांदिष्टांमध्ये वाद आहे. त्याच्या दोन्ही बाजू मला जवळच्या वाटतात, म्हणून त्या मी इथे दोन माणसांच्या तोंडी घातल्या आहेत. माणसं कल्पित आहेत. यंत्रं, आकडे आणि जागा खऱ्या. मामा रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त, राहणार कर्जतजवळ दहिवलीला. भाची इलेक्ट्रॉनिक्स इंजिनिअर, ड्रोनच्या कंट्रोलरवर काम करणारी. दोघांमधल्या टेबलावर तीन सेट आहेत : एक बटणवाला, एक रीडचा आणि एक दोन दांड्यांचा प्रपोर्शनल.

भाची : मामा, हे तिन्ही स्वच्छ करा, काचेच्या कपाटात ठेवा, येणाऱ्या-जाणाऱ्या पोरांना दाखवा. पण हवेत नेऊ नका.

मामा : कपाटात ठेवलेला सेट मरतो गं. तू बघितलेलं नाहीस. निकेल-कॅडमियमचे सेल आत विसरले की गळतात. त्यांची निगेटिव्हची तार आतून काळी पडते. वरून रबर धडधाकट, आत तांब्याची पूड. त्या तारेला सोल्डरसुद्धा धरत नाही. इथला पावसाळा चार महिन्यांचा. स्विचचे आणि क्रिस्टलच्या सॉकेटचे पॉइंट हिरवे होतात. कपॅसिटर वर्षानुवर्षं बिनव्होल्टेजचे राहिले की बिघडतात. चालता ठेवलेला सेटच टिकतो.

भाची : चालता ठेवा ना. टेबलावर चालू करा, सर्व्हो हलवा, बंद करा. त्यासाठी विमान कशाला हवं?

मामा : आणि तो जर्मेनियमचा ट्रान्झिस्टर, एएफ ११७? तो तर न वापरताही जातो. आतल्या कथलाला केसासारखे बारीक तंतू फुटतात आणि बाहेरच्या डबीला टेकतात. शॉर्ट. ती चौथी तार कापली की बरेचदा पुन्हा जिवंत होतो. हे मी टेबलावर शिकलो, कबूल. पण शोधायला का बसलो? सेट उडवायचा होता म्हणून. नुसता दाखवायचा असता तर दिवा लागतोय एवढ्यावर समाधान मानलं असतं.

मामांचं हे म्हणणं मला पटतं. दुरुस्तीला हेतू लागतो. पण भाचीचा मुद्दा अजून यायचा आहे, आणि तो मामांच्या नोकरीच्याच गाभ्यातून येतो.

भाची : मामा, तुमच्या खात्यात सिग्नलची तार तुटली तर हात कुठल्या बाजूला पडतो?

मामा : धोक्याच्या. गाडी थांबते. तो पहिला धडा.

भाची : मग या रिसीव्हरला सिग्नल मिळेनासा झाला तर विमान काय करतं? मी बनवते त्यात संपर्क तुटला की रिसीव्हर ठरवून दिलेल्या स्थितीत जातो. मोटर बंद, सुकाणू मधे. आणि तो फक्त स्वतःच्या ट्रान्समीटरची खूण ओळखतो, दुसऱ्या कोणाचं ऐकतच नाही. तुमच्या सत्तावीस मेगाहर्ट्झवर कोणीही बोललं तरी हा ऐकणार. शनिवारी इथल्या फार्महाउसवर मुंबईहून माणसं येतात. त्यांच्या पोराच्या हातातल्या खेळण्यातल्या गाडीचा रिमोट अनेकदा याच पट्ट्यात असतो. त्या पोरानं गाडी डावीकडे वळवली आणि तुमचं विमान एखाद्या बाईच्या डोक्यावर आलं तर?

मामा : तिन्ही सेटना एकाच मापानं मोजतेस, तिथे चुकतेस. हा बटणवाला घे. यात मधली कुठली स्थिती नाहीच. बटण दाबलं की लहर निघते, सोडलं की बंद. विमानात एक रिले, आणि रिलेपुढे हे एस्केपमेंट. पीळ दिलेला रबर चाकाला सतत ओढतो आहे आणि एक खटका त्याला अडवून धरतो आहे. लहर आली की खटका सुटतो, चाक पाव फेरा पुढे. उजवं. बटण सोडलं, आणखी पाव फेरा. सरळ. परत दाबलं, डावं. सोडलं, सरळ. मागच्या वेळी कुठे वळवलं होतं ते उडवणाऱ्यानं लक्षात ठेवायचं. पिळाचे फेरे संपले की हुकूम संपले.

भाची : आणि सिग्नल गेला की?

मामा : सिग्नल जाणं म्हणजे बटण सोडणंच. सुकाणू सरळ. तुझ्या मोठ्या शब्दातलं फेल-सेफ इथे रबर आणि खटक्यात आहे. मी सिग्नलवाला आहे, मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा फार आनंद झाला.

भाची : रबर अडकला, चाक उजव्यावरच राहिलं तर? ते विमान घिरट्या घालत घालत नाक खाली करून येईल.

मामा : येईल. म्हणून सुकाणूची हालचाल थोडीच ठेवायची. पट्टी इतकी लहान की अडकली तरी सपाट वळण होईल, सुळकांडी नाही.

इथे थोडा इतिहास सांगायला हवा, कारण या बटणाच्या सेटकडे आज खेळणं म्हणून बघितलं जातं. निकोला टेस्लानं १८९८ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये रेडिओवर चालणारी बोट दाखवली. विमानाच्या मॉडेलपर्यंत ही विद्या पोहोचायला जवळजवळ चाळीस वर्षं गेली. अडचण वजनाची होती. बोट जड बॅटरी वाहून नेऊ शकते. व्हॉल्व्हच्या रिसीव्हरला फिलामेंटसाठी एक बॅटरी आणि प्लेटसाठी पंचेचाळीस किंवा साडेसदुसष्ट व्होल्टची दुसरी लागे, ती पंखांनी उचलायची. अमेरिकेत मिशिगनमधल्या कलामाझूच्या वॉल्टर आणि विल्यम गुड या जुळ्या भावांनी १९३७ साली ‘गफ’ नावाचं मॉडेल रेडिओवर उडवलं. ते आज स्मिथसोनियनच्या संग्रहात आहे. पुढे ‘आरके ६१’सारखी वायू भरलेली छोटी नळी आली आणि एका नळीत अख्खा रिसीव्हर बसू लागला.

आपल्याकडे गोष्ट वेगळ्या वाटेनं गेली. १९३३च्या बिनतारी कायद्यानं असं यंत्र नुसतं जवळ बाळगायलाही परवाना लागे. घरात गाणी ऐकायच्या रेडिओचंही लायसन्स पोस्टात पैसे भरून काढावं लागे, तिथे मुलाच्या हातातल्या ट्रान्समीटरची काय कथा! आयात अवघड, परकीय चलन दुर्मीळ. म्हणून एनसीसीच्या एअर विंगमध्ये आणि कॉलेजांच्या मैदानांवर पोरांनी विमान उडवलं ते बहुतेक दोन तारांच्या टोकाला बांधून, स्वतःभोवती गोल फिरवत. रेडिओचा सेट यायचा तो बोटीवर नोकरी करणाऱ्या किंवा आखातातून परतणाऱ्या कोणाच्या सामानातून. बिघडला तर कंपनीला पाठवणं अशक्य. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर जो ट्रान्झिस्टर मिळेल तो बसवून चालवायचा. म्हणूनच इथे सापडणाऱ्या जुन्या सेटमध्ये मूळ भागांच्या शेजारी भारत इलेक्ट्रॉनिक्सचा ट्रान्झिस्टर बसलेला दिसला तर मला त्याचं मोल जास्त वाटतं. परदेशी संग्राहक अशा सेटची किंमत कमी करतो. आपण करू नये.

भाची : बरं, बटणवाला बाजूला ठेवू. हा रीडचा?

मामा : हा ऐकायचा सेट आहे. ट्रान्समीटर वेगवेगळे स्वर पाठवतो आणि रिसीव्हरमध्ये पोलादी पात्यांची ही फणी आहे. बाजाच्या पेटीत प्रत्येक स्वराची पट्टी वेगळी असते तसं. ज्या पात्याचा स्वर आला तेच थरथरतं, पुढच्या टाचणीला लागतं, तिचा सर्व्हो धावतो. डावं एक पातं, उजवं दुसरं. दहा पाती म्हणजे पाच कामं. अर्धं सुकाणू मागता येत नाही. टकटक करत थोडं थोडं द्यावं लागतं. साठच्या दशकाच्या सुरुवातीला या सेटवर स्पर्धा जिंकल्या लोकांनी.

भाची : आणि पाती गंजली की?

मामा : स्वर उतरतो. मग ट्रान्समीटरचा स्वर पात्याला जुळवून घ्यायचा. हा मी हवेत नेणार नाही, ते आधीच सांगतो. दहा पाती एकाच हवामानात सुरात ठेवणं माझ्या कानाला आता झेपत नाही. सकाळी जुळवलेलं दुपारच्या उन्हात ढळतं.

भाचीला हे अनपेक्षित होतं. तिनं तिसरा सेट जवळ ओढला.

भाची : राहिला हा प्रपोर्शनल. इथे मला हसूच येतं, कारण हा माझ्याच घरातला आहे. दांडी जितकी हलवाल तितकं सुकाणू. दांडीची स्थिती म्हणजे एका स्पंदाची लांबी. एक मिलिसेकंद म्हणजे एक टोक, दोन म्हणजे दुसरं, दीड म्हणजे मध्य. सगळ्या चॅनेलची स्पंदं एकामागून एक, सेकंदाला साधारण पन्नास वेळा. सर्व्होच्या आत एक पोटेन्शिओमीटर, तो सांगतो हात कुठे आहे. सर्किट त्या स्थितीचंही स्पंद बनवतं, दोन्ही स्पंदांच्या लांब्यांची तुलना करतं आणि फरक मिटेपर्यंत मोटर फिरवतं. अमेरिकेत डग स्प्रेंग आणि डॉन मॅथर्स यांनी साठच्या दशकाच्या पहिल्या अर्ध्यात ‘डिजिकॉन’मध्ये हे बसवलं, फिल क्राफ्टसारख्यांनी घरोघर पोचवलं. आजही दुकानातून साधा सर्व्हो आणला तर तो दीड मिलिसेकंदालाच मध्यावर येतो.

मामा : मग? साठ वर्षं टिकलेली कल्पना आहे. हा तर पहिला उडवायला हवा.

भाची : नाही मामा, हाच उडवायला नको. तुमच्याच तर्कानं बघा. बटणवाल्याला सिग्नल नसला की सरळ. याला सिग्नल नसला की? रिसीव्हर हवेतली खरखर उचलतो आणि तिच्यातून स्पंद शोधत बसतो. सर्व्हो मिळेल ते ऐकतात, या टोकाहून त्या टोकाला फेकले जातात. थ्रॉटलसुद्धा. उच्चदाबाच्या तारेखाली एएमचा रिसीव्हर धरून बघा. लोकलचा पेंटोग्राफ ठिणगी मारतो तेव्हा बघा.

मामा : *(थोडं थांबून)* ते बघितलंय. खोपोलीची गाडी गेली की सर्व्हो दचकतात.

भाची : आणि हा सेट बसतो कुठल्या विमानात? बटणवाल्याचं विमान हळू, पंख वर उचललेले, हात सोडला तरी स्वतःहून सरळ होणारं. हा ज्यासाठी केला ते विमान वेगवान, उलटं-पालटं होणारं, क्षणोक्षणी सांभाळावं लागणारं. ज्याला सर्वांत जास्त सांभाळायचं त्याच्यात सर्वांत घाबरट रिसीव्हर. सेट जुना आहे म्हणून मी अडवत नाही. ऐकू आलं नाही तर तो काय करतो, ते बघून अडवते आहे.

या वाक्यापाशी माझं मत ठरलं. आपण जुन्या यंत्रांकडे वयाच्या रांगेत उभं राहून बघतो : जितकं जुनं तितकं धोक्याचं. या तीन सेटांनी ती रांग मोडली. सर्वांत जुन्या कल्पनेचा सेट कर्जतच्या हवेत सर्वांत निरुपद्रवी ठरतो, आणि ज्याची बुद्धी आजच्या यंत्रांत जशीच्या तशी चालू आहे तोच काळजीचा ठरतो.

मामा : मग याचं करू काय? शिस्त पाळली तर चालतो हा. पूर्वी मैदानावर फळी असायची, प्रत्येक क्रिस्टलच्या नंबरची एक चिमटी. चिमटी ज्याच्याकडे तोच सेट चालू करणार. हा पिवळ्या झेंडीचा, म्हणजे २७.१४५ मेगाहर्ट्झचा. रिसीव्हरचा क्रिस्टल ४५५ किलोहर्ट्झ खाली, म्हणजे २६.६९०. दोघांची अदलाबदल केली की सेट भलत्याच लहरीवर, पट्ट्याबाहेर बोलतो. एवढं सगळं पाळूनच माणसं उडवत होती.

भाची : फळीपुढे उभं राहणाऱ्यांनी पाळलं. फार्महाउसवरच्या पोराला तुमची चिमटी कशी कळणार? आणि त्याची चूकही नाही. २६.९५७ ते २७.२८३ हा पट्टा आपल्याकडे पाच वॅटपर्यंत सगळ्यांना बिनापरवाना मोकळा आहे. तुम्हालाही आणि त्यालाही. माझं म्हणणं ऐका. दांड्या, त्यांची स्पंदं बनवणारा एन्कोडर, डबा सगळं तसंच ठेवू. फक्त लहर पाठवणारी पट्टी बदलून २.४ गिगाहर्ट्झचं मॉड्यूल लावू. एन्कोडरची स्पंदमाळ त्यातून जाईल. बोटांना तोच सेट, विमानाला नवा.

मामा : दीड मीटरची अँटेना ओढून बाहेर काढायची आणि तिच्यातून काहीच जाणार नाही? मग माझ्या डब्यात रेडिओ उरला कुठे?

भाची : एन्कोडर उरला. मॅथर्स आणि स्प्रेंगची खरी करामत तीच होती. लहर तर त्यांच्या आधीही होती.

मामा : लहर ट्यून कोणी केली? मी. फेराइटचा स्लग फिरवत, मीटरचा काटा बघत. ते तू काढून टाकणार. बरं, मला सांग, तुझं ते मॉड्यूल बिघडलं तर उघडून दाखवशील?

भाची : …नाही. पत्र्याच्या आवरणाखाली एक चिप आहे. तिच्यातला प्रोग्रॅम कंपनीचा. बिघडलं की बदलायचं.

मामा : म्हणजे कंपनी बंद पडली की तुझं विमान उतरलं.

भाची : हो. त्याला माझ्याकडे उत्तर नाही. मी ज्याला सुरक्षित म्हणते ते मला दुरुस्त करता येत नाही, आणि तुम्हाला जे दुरुस्त करता येतं ते मी माणसांच्या डोक्यावरून जाऊ देणार नाही.

भाचीनं हे इतक्या सरळपणे मान्य केलं म्हणूनच पुढचा करार शक्य झाला. अटी मामांनी घातल्या. डब्याला नवीन भोक पाडायचं नाही. छापील सर्किटचा एकही पट्टा कापायचा नाही. काढलेली लहरीची पट्टी, दोन्ही क्रिस्टल आणि पिवळी झेंडी त्याच डब्यासोबत ठेवायची, कोणालाही एका संध्याकाळी सेट पूर्ववत करता आला पाहिजे. भाचीनं एक अट वाढवली : नव्या लिथियम-पॉलिमर सेलचा मोह नको. दोन सेलचा पॅक पूर्ण भरल्यावर ८.४ व्होल्ट देतो, आणि हे सर्व्हो ४.८ व्होल्टसाठी केलेले. चार निकेल-मेटल-हायड्राइडचे सेल लावायचे आणि पावसाळ्यात बाहेर काढायचे.

मामांनी मान हलवली, पण ते खूश नव्हते. प्रपोर्शनलबाबत ते हरले असं मला म्हणवत नाही. त्यांनी जे गमावलं ते खरंच काहीतरी होतं. टेबलावर लहर जुळवण्याची विद्या शिकवायला निदान एक सेट मूळ रूपात चालू राहिलाच पाहिजे, आणि ते काम रीडच्या सेटकडे गेलं. कर्जतच्या एखाद्या शाळेत आठवी-नववीच्या मुलांसमोर ती फणी उघडून ठेवावी, स्वर पाठवावा आणि पात्याला थरथरताना बघू द्यावं. अनुनाद म्हणजे काय हे मुलांना डोळ्यांनी दिसेल.

मामा : बटणवाला मात्र उडणार.

भाची : उडू दे. पण तुमचं ते स्वतःहून सरळ होणारं विमान, तोच त्याचा धोकाही आहे. सुकाणू सरळ राहिलं, विमान छान तरंगतंय, आणि तुमचा हुकूम पोचत नाहीये. मग ते थांबणार कधी? साठ मीटर उंचीवरून सेकंदाला एक मीटर खाली येत असेल तर एक मिनिट हवेत. घिरट्या घालत असेल आणि तीन मीटरचा वारा असेल तर एकशेऐंशी मीटर वाहून जाईल. सरळ गेलं तर त्याच्या दुप्पट-तिप्पट. आणि अकरा वाजता खाचर तापून वर जाणारी हवा सापडली, घारींसोबत गेलं, तर हिशेबच नाही. द्रुतगती मार्गावर पडलं तर मागची गाडी तुमचं फेल-सेफ विचारणार नाही.

मामा : म्हणून सकाळी सातला. वारा नाही, उष्ण झोत नाही. इंजिनात तेल मोजून. आणि शेपटीला डीटी.

भाची : ते काय?

मामा : रेडिओच्याही आधीची युक्ती. ठरलेला वेळ झाला की मागचा आडवा पंख खटकन वर उचलला जातो. विमान पुढे जायचं सोडून सपाटच खाली बसतं, हळू. पूर्वी वात लावायचे. वात जळत रबरापर्यंत आली की रबर तुटतो.

भाची : वात? कोरड्या दिवसांत? खाली वाळलेला पेंढा असताना?

मामा : …वात नको. चावीचा टायमर करतो. दीड मिनिट.

भाची : आणि जागा?

मामा : राजनाल्याखालची नको, तिथे लावणी असते. तारांपासून आणि रुळांपासून लांब, पावसाच्या पाण्यावरचं खाचर, वाल निघाल्यानंतर. मालकाला विचारून.

भाची : मालकाला विचारून, आणि ड्रोनचा नकाशा बघून. २०२१च्या नियमांत मॉडेलही येतं : पंचवीस किलोपर्यंत, शिक्षणासाठी किंवा विरंगुळ्यासाठी, नजरेच्या टप्प्यात. नकाशातल्या हिरव्या भागातही एकशेवीस मीटरच्या वर नाही. तुम्ही साठच्या वर जाऊ नका.

मामा : बटणाच्या सेटनं उंची राखता येत नाही गं. सुकाणू सोडून काही नाहीच त्यात.

भाची : मग तेल मोजताना मी शेजारी उभी राहणार. इंजिन चाळीस सेकंदांच्या वर चालता कामा नये.

मामा : तीस. इंजिन कमी चाललं तरी सुकाणूचे हुकूम तेवढेच मिळतात, पीळ माझ्या हातात आहे.